न धुतलेला कपडा

आमच्या इमारतीतल्या अकरा घरांच्या चाव्या माझ्याकडे असतात. नालासोपाऱ्यात आचोळ्यातली जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आणि पाणी एक दिवसाआड, तेही दुपारी अडीचला, मोजून चाळीस मिनिटं. आता दुपारी अडीचला घरी असतं कोण? बायका काय नि पुरुष काय, सगळे उजाडताच मुंबईच्या वाटेला लागतात. मग पाणी भरायचं कोणी? मी. तळमजल्यावर राहते, नोकरी करत नाही आणि मला स्वस्थ बसवत नाही, एवढ्या भांडवलावर हे काम माझ्या गळ्यात पडलं, त्याला आता बारा वर्षं झाली.

आमच्या ह्यांनी प्लायवूडच्या तुकड्यावर खिळे ठोकून दाराच्या मागे पाटी करून दिलीय. प्रत्येक खिळ्याखाली घराचा नंबर. सकाळी जाताना जो तो आपली चावी अडकवतो, संध्याकाळी येताना काढून नेतो. अडीचला पंप सुरू झाला की मी आधी चौथ्या मजल्यावर जाते, कारण तिथे पाणी शेवटी पोचतं नि आधी जातं. नळ सोडायचा, पाइप ड्रममध्ये टाकायचा, खालच्या मजल्यावर यायचं, तिथला सोडायचा. मग परत वर. चाळीस मिनिटांत जिन्यावरून माझ्या किती फेऱ्या होतात ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

लोकांच्या बंद घरात शिरायचं म्हणजे सगळं दिसतंच. कोणाचा ओटा चकचकीत, कोणाच्या बेसिनमध्ये कालची भांडी. मी खोटं कशाला बोलू, मला राहवत नाही. पाणी भरेस्तोवर दोन कप विसळून टाकते, वाळलेले कपडे आत घेते, दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये सरकवते. कोणी कधी नको म्हटलं नाही. उलट, "ताई येऊन गेल्या की घर घरासारखं वाटतं," असं म्हणायचे. मीही फुगून बसायची.

तिसऱ्या मजल्यावर सासू-सून दोघीच राहायच्या. म्हातारीचा मुलगा काविळीने गेला, त्याला चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी सुनेला सांगितलं, अगं तरुण आहेस, माहेरी जा. ती म्हणाली, "माहेर आहे कुठे?" खरंच नव्हतं. आईबापांची एकुलती एक, दोघंही गेलेले. म्हातारी म्हणाली, "राहू दे गो. मला तरी कोण आहे?" अशा त्या दोघी राहिल्या. सासू तिच्यापेक्षा मोठ्याने भांडायची, सून तिच्यापेक्षा मोठ्याने हसायची. म्हातारीला सगळी इमारत आजीच म्हणते, मीही.

आजीची एकच तक्रार होती, आणि ती जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकवायची. "सून माझी गबाळी आहे! चहा पिते नि कप तिथंच. केस विंचरते नि फणी तिथंच. टाकते नि जाते!" सून जिना उतरता उतरता खालून ओरडायची, "तुम्ही आहात ना उचलायला!" आणि जायची.

ती मुंबईत कुठेतरी अत्तराच्या बाटल्या पॅक करायची. अंगाला एवढा वास यायचा की संध्याकाळी ती जिन्यात शिरली की मला आतल्या खोलीत कळायचं. मी म्हणायची, "आलं बघा अत्तराचं दुकान." ती म्हणायची, "ताई, घ्या की थोडा. फुकट आहे." आणि मुद्दाम ओढणी माझ्या तोंडासमोर हलवायची. त्यांच्या घरात तर पडद्यांना, उशांना, सगळ्याला तो वास होता.

मे महिना होता. आजी कौलं परतायला गावी गेली होती, गुहागरच्या बाजूला. त्यामुळे चावी माझ्याकडे. त्या सकाळी सात वाजायच्या आत सून आली, खिळ्याला चावी अडकवली आणि "टाकली हो ताई!" म्हणून गेली. मी तेव्हा दात घासत होते. वळून बघितलंसुद्धा नाही.

दुपारी बाराच्या सुमारास फोनवर कोणीतरी व्हिडिओ टाकला. एका इमारतीच्या खिडक्यांतून काळा धूर. खाली माणसं वर बघून ओरडतायत. मी टीव्ही लावला. गाळ्यांची इमारत, तिसरा मजला, असं सांगत होते. मला आधी काही वाटलंच नाही. मुंबईत आगी काय कमी लागतात? मग खाली पट्टीवर आलं, सुगंधी द्रव्यांचा कारखाना. हातातलं तांदूळ पाखडायचं सूप तसंच खाली ठेवलं मी.

तेव्हा मला एक गोष्ट कळली, आणि तिची मला आजही लाज वाटते. अकरा घरांत कुठल्या डब्यात काय आहे ते मी डोळे मिटून सांगू शकते. पण ही माणसं सकाळी जातात कुठे, त्यांच्या कारखान्याचं नाव काय, पत्ता काय, हे मला एकाचंही माहीत नव्हतं. तिचंही नाही. अत्तर एवढंच माहीत. मी तिला फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला, परत वाजला. मला हायसं वाटलं. फोन वाजतोय म्हणजे बाहेर पडली असेल, धावपळीत असेल, उचलायला सुचलं नसेल.

संध्याकाळी एकेक जण चावी न्यायला आला. एरवी चावी घेऊन तरातरा जिना चढणारी माणसं, पण त्या दिवशी प्रत्येक जण आपली चावी हातात घ्यायचा आणि पाटीकडे बघून विचारायचा, "ती आली का?" मी म्हणायची, "फोन वाजतोय." दहा वेळा मी तेच म्हटलं. नऊ वाजेपर्यंत पाटीवर एकच चावी राहिली. तिला निळ्या प्लॅस्टिकचा मासा लावलेला होता.

मी गावी फोन करून आजीलाही तेच सांगितलं. "आजी, तिला उशीर होतोय. फोन वाजतोय, काळजी करू नका." आजी म्हणाली, "जेवली का नाही कोणास ठाऊक." नंतर काय झालं, कोण किती वेळ जागं राहिलं, ते सांगत बसत नाही.

सकाळी तो फोन एका माणसाने उचलला. पोलीस होता. म्हणाला, "बाई, इथं पेटीभर फोन वाजतायत. कामगार आत जाताना गेटवर फोन जमा करायचे. पेटी वाचलीय." मी विचारलं, आणि माणसं? तो म्हणाला, "रुग्णालयात चौकशी करा."

आमचे हे आणि दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर, दोघे गेले. मी आजीला फोन करून म्हटलं, या. एवढंच.  ती म्हणाली, संध्याकाळच्या गाडीने निघते.

त्या दिवशी पाण्याची पाळी होती. बाई गं, जगात काहीही होवो, अडीचला पंप सुरू होतोच. मी चौथा मजला केला, आणि निळ्या माशाची चावी घेऊन तिसऱ्यावर आले. दार उघडलं आणि तो वास आला. मी दारातच उभी राहिले. मग नळ सोडला, पाइप ड्रममध्ये टाकला आणि मागे वळून बघितलं.

ओट्यावर कप होता, अर्ध्या चहावर साय धरलेली. ताटलीत अर्धी पोळी. गादीवर चादर चोळामोळा, उशीवर डोक्याचा खळगा. दाराच्या खिळ्याला रात्रीचा गाऊन. आरशाच्या फळीवर फणी, तिच्यात केस. मोरीत काचेच्या ग्लासात दोन ब्रश, एक आजीचा जुना झिजलेला, एक गुलाबी. सगळं अगदी आत्ता येईन म्हणून टाकून गेल्यासारखं.

मला एकच वाटलं. उद्या म्हातारी येईल, हे दार उघडेल, आणि हा अर्धा चहा बघून इथंच कोसळेल. नातेवाईक येतील, गावची माणसं येतील, इमारतीतल्या बायका येऊन बसतील, आणि घर असं? पदर खोचला मी. भांडी घासली. चादर, उशीचे अभ्रे, गाऊन, टॉवेल, ओढण्या, पायपुसणंसुद्धा, सगळं बादलीत भिजवलं, आपटून धुतलं आणि गॅलरीत घातलं. लादी फिनाइलने दोनदा पुसली. फणी गरम पाण्यात सोडा घालून उकळली. गुलाबी ब्रश कचऱ्यात टाकला.

हे मी नंतर हजारदा आठवलंय. तोंडाने मी सगळ्यांना सांगत होते, ती येईल, कुठल्या तरी रुग्णालयात असेल, बेशुद्ध असेल. आणि हाताने तिचा ब्रश टाकत होते. माझ्या हातांना आधीच कळलं होतं, असं म्हणायचं का? कळलं होतं तर ते थांबले का नाहीत?

आरशाच्या मागे एक लहान प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात गुंतवळ. आमच्याकडे केसांवर भांडी देणारी बाई येते. गळलेले केस साठवून दिले की वजनावर वाटी नाही तर चमचे देते. आमच्या इमारतीतल्या चार बायका आपापली गुंतवळ माझ्याकडे आणून देतात, मी एकत्र करून मोठं भांडं घेते. मागच्या खेपेला त्यातून इडलीपात्र घेतलं होतं, ते सगळ्यांनी आळीपाळीने वापरायचं ठरलं होतं. मी ती पिशवी खाली आणली आणि सवयीने माझ्या पिशवीत रिकामी केली. वरून दाबलीसुद्धा, जागा व्हावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सात वाजता घंटागाडी आली आणि कचरा घेऊन गेली. नऊ वाजता आजी आली. गावच्या माणसाने तिला रिक्षातून उतरवलं. मी चावी घेऊन तिच्या पुढे जिना चढले. दार उघडलं. आजी आत आली, मधोमध उभी राहिली आणि तिने नाकाने दोनदा हवा ओढली. फिनाइलचा वास होता. तिने ओट्याकडे बघितलं, गादीकडे बघितलं, आरशाकडे बघितलं.  मग मोरीत पाय धुवायला गेली आणि तिथं बराच वेळ थांबली.

अकरा वाजता ह्यांचा फोन आला.  म्हणाले, चेहऱ्यावरून ओळखता येण्यासारखं नाही. अंगावर दागिना कोणाच्याच नाही, कारखान्यात घालू देत नव्हते. रक्ताचं कोणी असेल तर डीएनए जुळवायला रक्त घेतात. सासूचं चालत नाही. "मग त्यांनी सांगितलंय, तिच्या रोजच्या वापरातलं काहीतरी आणा. दात घासायचा ब्रश, कंगवा. नाहीतर न धुतलेला कपडा. वरती बघ आणि काढून ठेव. मी येतो न्यायला."

न धुतलेला कपडा. मी गॅलरीत गेले आणि वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या दोरीवर तिचा गाऊन, तिच्या ओढण्या, तिची चादर, सगळं कडक उन्हात कुरकुरीत वाळत होतं.

मी घंटागाडीच्या मागे गेले. हसू नका. रिक्षा केली आणि कचरा जिथे नेऊन ओततात तिथपर्यंत गेले. रिक्षावाला म्हणाला, "ताई, काय सोनं गेलं का?" मी म्हटलं, ब्रश. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि रिक्षा जोरात सोडली. तिथे कचऱ्याचा डोंगर, वर घारी, चार बायका आकड्यांनी प्लॅस्टिक वेचतायत. सगळ्या शहराचे ब्रश तिथे असतील. मी पाच मिनिटं उभी राहिले आणि परत आले.

ह्यांना मी उकळलेली फणी दिली आणि केसांची पिशवी दिली. तासाभराने ह्यांनी तिथून फोन केला. बाजूला कोणीतरी विचारत होतं, यात कोणाकोणाचे केस आहेत? हे मला विचारत होते, "कोणाकोणाचे आहेत गं?" मी म्हटलं, "माझे. मास्तरीणबाईंचे. चौथ्यावरच्या दोघींचे. आणि तिचे."  मग हे म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

त्या फणीतून काही निघालं नाही. निघणार काय, सोड्यात उकळलेली!

आजीचं एकच मागणं होतं. ती आल्यापासून, भेटायला आलेल्या प्रत्येकाला, रुग्णालयातल्या प्रत्येक साहेबाला ती तेवढंच सांगत होती. "मला तिच्या तोंडात पाणी घालायचंय. माझ्या मुलाच्या घातलं, तिच्याही घालीन, मग तुम्ही काय करायचं ते करा." रडायची नाही. हातात तांब्याची गडवी घेऊन जायची, फडक्यात बांधलेली, आणि भरलेली परत आणायची.

आमच्या भागात त्या दिवसांत कोणत्याही गल्लीत जा, कुठे ना कुठे मांडव. नालासोपाऱ्यातून, विरारातून, वसईतून कितीतरी बाया त्या इमारतीत कामाला जायच्या, हे आम्हाला त्या जळल्यावर कळलं. आग तिकडे लागली, पण माणसं इकडची गेली. मुंबईत दुसऱ्या आठवड्यात विषय बदलला. इथे नाक्यानाक्यावर फलक लागले, प्रत्येकावर गेलेलीपेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा. माणिकपूरच्या फोटोच्या दुकानात आम्ही तिचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करायला गेलो, तर तिथे आधीच तीन बायांचे फोटो वाळत ठेवलेले. दुकानदार म्हणाला, "तुमचाही त्यातलाच का?" मी मान हलवली. त्याने फ्रेम पुसली आणि मोठ्याने नाक शिंकरलं. देवळातून नि चर्चमधून प्रार्थना झाल्या. आमच्या इमारतीतल्या एकीने कामावर जाताना दंडावर पेनाने नवऱ्याचा नंबर लिहायला सुरुवात केली. तिला कोणी हसलं नाही. आठ दिवसांत आणखी दोघी लिहायला लागल्या.

आमचे हे सातिवलीला प्लॅस्टिकच्या डब्यांच्या गाळ्यात सुपरवायझर आहेत. आग लागल्यावर चौथ्या दिवशी तिथे तपासणी आली. दुसरं दार कुठे आहे दाखवा, म्हणाले. दुसरं दार होतं, पण त्याच्यासमोर छतापर्यंत माल रचलेला. त्या रांगेतल्या सगळ्याच गाळ्यांत तसंच. आठवडाभर गाळे बंद ठेवायला लावले. कामाला येणाऱ्या बायका रोज सकाळी गेटपर्यंत येऊन परत जायच्या आणि तपासणीवाल्यांनाच शिव्या घालायच्या. मग गाळे उघडले. महिन्याभराने मी ह्यांना विचारलं, दार मोकळं आहे ना हो? हे जेवत होते. म्हणाले, "परत माल लावलाय." मी भांडणार होते. तोंड उघडलं होतं. पण हे खाली बघूनच म्हणाले, "मीच लावून घेतला. जागा नव्हती. हाताला सवय असते." मग मी गप्प बसले. त्या केसांच्या पिशवीबद्दल हे मला त्यानंतरही एका शब्दाने बोललेले नाहीत.

रुग्णालयात एकेकीची ओळख पटत गेली. कोणाच्या मुलाचं रक्त जुळलं, कोणाच्या आईचं. शेवटी दोघी उरल्या. एक आमची असणार. दुसरीला विचारायला कुठूनच कोणी आलं नव्हतं. परराज्यातली असेल, म्हणाले. आजीला साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, नीट समजावून सांगितलं की अंदाजाने देता येत नाही. मी बाजूला उभी होते. आजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोघी द्या मला. दोघींच्या तोंडात पाणी घालते. एक माझी, एक कोणाची तरी."

साहेबाने चष्मा काढला. पण नियम तो नियम. नाही दिल्या.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे तिचे पाय धरून म्हणायला हवं होतं, की आजी, तुमची सून तुम्हाला मिळत नाही ती माझ्यामुळे. सगळं तिथंच होतं, कप होता, ब्रश होता, गाऊन होता, आणि मी ते दोन तासांत धुऊन टाकलं. पण मी नाही बोलले. पोलिसांनी विचारलं होतं, घर कोणी आवरलं का, तर मी आजीच्या देखत म्हटलं होतं, "नाही हो, ती होतीच टापटीप." केवढं मोठं खोटं! जिन्याच्या पायऱ्यांनासुद्धा माहीत होतं ती कशी होती ते. आजी तेव्हा माझ्याकडे बघत होती. तिने पोलिसाला काही सांगितलं नाही.

पुढे त्या दोघींना सरकारनेच अग्नी दिला. आम्हाला दोन दिवसांनी कळलं. मग गुरुजींनी सांगितलं, देह मिळत नाही तेव्हा दर्भाची बाहुली करून विधी करतात. स्मशानाच्या ओट्यावर हातभर लांबीची बाहुली ठेवली. आजीने गडवी उघडली आणि त्या गवताला जिथे तोंड असावं तिथे पाणी घातलं. पाणी सरळ खाली गेलं. तिने परत घातलं. परत खाली गेलं. गुरुजी म्हणाले, झालं आजी. ती म्हणाली, "प्यायली नाही अजून." शेवटी मास्तरांनी तिचा हात धरला.

मी घरी येऊन केसांची ती पिशवी बाहेर काढली. फेकायची हिंमत होईना, ठेवायची होईना. भांडीवाली आली तेव्हा मी तिला दारातूनच परत पाठवलं. ती म्हणाली, "काय झालं ताई, केस गळायचे थांबले का?" पिशवी अजून कपाटाच्या वर आहे. तिच्यातले कुठले तिचे आणि कुठले माझे, ते आता मलाच सांगता येणार नाही.

दोन महिने आजी घरातच होती. पाणी स्वतः भरायची. निळ्या माशाचा खिळा रिकामा असायचा आणि माझी नजर रोज तिथेच जायची. मी डब्यातून काही ना काही वर पाठवायची, ती डबा धुऊन परत करायची. बोलणं तेवढंच. मग एक दिवस कळलं की माणिकपूरच्या एका खानावळीत ती पोळ्या लाटायला जाणार आहे. सत्तरी उलटलेली बाई! मी म्हटलं, आजी, या वयात? ती म्हणाली, "खायला नको? मिळवणारी गेली ना." तिने ते सरळ सांगितलं, मला टोचायला नाही. मला टोचलं.

पहिल्या दिवशी कामावर जाताना ती माझ्या दारात आली. पाटीवर चावी अडकवली नाही. माझा हात ओढून घेतला, तळव्यावर तो निळा मासा ठेवला आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटली.

"पाणी भर, बाय," ती म्हणाली. "बाकी कशाला हात लावू नको."

चिडून नाही म्हणाली. दमलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाली आणि भिंतीला धरत धरत बाहेर पडली.  म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फिनाइलचा वास घेतला तेव्हापासून, मोरीत एकच ब्रश बघितला तेव्हापासून. सगळं माहीत असून ती माझ्याबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसली, माझ्या हातचं जेवली, आणि पोलिसांपुढे मला खोटं पडू दिलं नाही.

अडीचला पंप सुरू झाला. चौथा मजला करून मी तिसऱ्यावर आले. दार उघडलं. ओट्यावर अर्धा कप चहा होता. गादीवर चादर चोळामोळा. खुर्चीवर आदल्या दिवशीचं नेसलेलं लुगडं. मोरीतला ब्रश ओला. आरशाच्या फळीवर फणी, आणि तिच्यात पांढरे केस. अख्खा जन्म कप जागच्या जागी ठेवणारी बाई, तिने हे सगळं मुद्दाम असंच ठेवलं होतं. रोजच कामावर जाताना ठेवून जाणार होती, कधी लागलंच तर.

माझा हात कपाकडे गेला होता. तो मी मागे घेतला. ड्रम भरेपर्यंत दोन्ही हात पदरात घट्ट धरून उभी राहिले. मग नळ बंद केला, कुलूप लावलं आणि दुसऱ्या मजल्यावर गेले.